एकदा दाबलं की थांबायचं

आमच्या धंद्यात पहिलं काम एकच. आवाज बंद करायचा. लग्नाचं शूटिंग मशीनवर आलं की आधी त्यातला खरा आवाज उडवायचा आणि मग त्यावर गाणी चढवायची. खरा आवाज कुणालाच नको असतो. त्यात पंख्यांची घरघर असते, पोरांची रडारड असते, आचाऱ्याच्या नावानं चाललेला शंख असतो आणि कॅमेऱ्यामागं उभ्या असलेल्या शूटिंगवाल्याची अखंड टकळी असते. "मामा, जरा सरका. वहिनी, इकडं बघा. हसा की जरा, लग्न हाय, पंचनामा न्हाई." मंगलाष्टका आणि पुढाऱ्यांची भाषणं तेवढी ठेवायची. भाषण कापलं तर साखर कारखान्याचे संचालक रुसतात. बाकी सगळं म्यूट.

तो शूटिंगवाला माझा नवरा. शिरूरात आमचा पुढं स्टुडिओ आणि मागं एक खोली. हे बाहेर शूट करायचे आणि मी त्या खोलीत बसून मिक्सिंग करायचे. लग्न होऊन आले तेव्हा मला माऊस धरता येत नव्हता, ह्यांनीच शिकवलं. मूलबाळ झालं नाही, त्यामुळं दोघांचं घर आणि दोघांचाच धंदा. इतकी वर्षं ह्यांचा आवाज मी दोनदा ऐकायचे, एकदा घरात आणि एकदा स्पीकरवर, आणि स्पीकरवर आला की बटण दाबून बंद करायचे. त्यात वाईट वाटायचं काय कारण? माणूस जेवायला घरीच येणार होता.

आणि व्हिडिओ गिऱ्हाइकाच्या हातात गेला की रॉ डेटा, म्हणजे मूळ शूटिंग, पुसून टाकायचा. ठेवणार कुठं? हार्डडिस्क भरतात. पुढच्या लग्नाला जागा लागते. शिरूर, न्हावरे, यवत, पार दौंडपर्यंतची लग्नं आमच्या खोलीतून गेली आणि पुसली गेली. फोटोत तर हे कधी नसायचेच, कारण फोटो काढणारा फोटोत कसा येणार?

आता मशीनचं, म्हणजे आमच्या कॉम्प्युटरचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच येऊन ठेपतं.

मशीन हँग झालं की माणूस काय करतो? परत दाबतो. मग आणखी दाबतो. मीही तेच करायचे. माझा स्वभावच तसा, एका हाकेला ओ आली नाही की माझं डोकं फिरतं. एकदा एका लग्नात हार घालायची क्लिप पुढं चिकटवायची होती. दाबलं, काही होईना. परत दाबलं. रागारागानं दाबतच राहिले. थोड्या वेळानं मशीन जागं झालं आणि त्यानं मी सांगितलेलं सगळं इमानेइतबारे केलं. नवरदेव त्याच नवरीला हार घालतोय, परत घालतोय, परत घालतोय, आणि मान वाकवून वाकवून ती बिचारी थकायची वेळ आली. हे माझ्या मागं उभं राहून पोट धरून हसले.

"आगं, एकदा दाबलं ना? त्याला कळालंय."

"कळलंय तर करत का नाही मग? मुकं झालंय का?"

तेव्हा त्यांनी मला समजावलं. त्यांना समजावून सांगायची भारी हौस. "ह्याला डोकं एक, प्रोसेसर. त्यानं समद्या कामांना थोडा थोडा येळ वाटून द्यायचा. चित्र हाय, रंग हाय, गाणं हाय, अक्षरं हायेत. एखादं काम लई जड आलं की हा प्रोग्राम त्यातच बुडून जातो. तू दाबलेलं बटण त्याच्यापातूर पोचतंय, पण ते रांगेत बसतंय. हातातलं काम खाली ठेवल्याबिगर रांगेकडं बघायला त्याला सवड न्हाई. आन् सवड मिळाली की पयल्यापासनं एकेक काढून करतंय."

"मग माऊसचा बाण कसा हलतो?"

"बाण हलवनारा येगळा हाय. आवाज सोडनारा बी येगळा. म्हणून तर कधी चित्र थिजतं आन् आवाज तसाच चालू ऱ्हातो. कधी दोन्ही अडकत्यात, म्हंजी हातात जेवढा आवाज भरून घेतल्याला होता तेवढा सरला." मग त्यांनी माझ्या हातांकडं बोट दाखवलं. मी तशीच कणकेचे हात घेऊन आले होते. "आता हेच बघ. तुझं हात पिठात आसताना मी हाक मारली तर तू म्हणतीस, थांबा जरा. ह्याला तेवढं म्हणायला बी सवड न्हाई. एवढाच काय तो फरक."

पडदा पांढरा पडतो तेही त्यातलंच. आपलं तोंड परत रंगवायलासुद्धा प्रोग्रामला वेळ नसतो. मग मशीन आपल्याला विचारतं की हा उत्तर देत नाही, बंद करू का थांबता? माझं बोट कायम 'बंद'वर जायचं. हे ओरडायचे, "आगं मेल्यालं न्हाई ते! बंद म्हणलीस की मरंल. तवर जितंच हाय."

गेल्या वर्षी ह्यांनी नवा कॅमेरा घेतला. चित्र असं स्वच्छ की नवरीच्या मेंदीतली रेघन् रेघ दिसावी. पण तेवढं चित्र उचलायला मशीनही तसंच पाहिजे, आणि मशीन तेच, जुनं. एकेक क्लिप टाकली की पंखा गिरणीसारखा वाजायला लागायचा आणि पडदा पांढरा. लगीनसराई चालू, गिऱ्हाइकं फोनवर फोन करतायत, आणि मी हात चोळत बसलेली. त्या सकाळीही तेच झालं. हे बॅग भरत होते. यवतजवळच्या एका मंगल कार्यालयात लग्न होतं, चौफुल्यावरून मोटारसायकलवर जायचं म्हणून लवकर निघायची घाई.

मी म्हणाले, "बाहेर मिरवायला नवं आणि घरात राबायला जुनं. माझंही तसंच केलंय तुम्ही."

मी खोटं बोलले नव्हते. आजही तेच म्हणते. पण चहा चुलीवर होता आणि माणूस उन्हातान्हात निघाला होता, एवढं बघायला हवं होतं. त्यांनी बॅगेची चेन लावली. चहा न घेता गाडीला किक मारली.

दुपारपर्यंत माझा राग उतरला. माझा राग म्हणजे दुधाचा ऊत, चुलीवरून काढलं की खाली. फोन लावला, उचलला नाही. परत लावला, नाही. माझा हात काही थांबेना. काय सांगणार होते? काही नाही. जेवलात का, एवढंच. फोन वाजून वाजून बंद पडायचा आणि मी परत लावायचे. शेवटी मीच फुगून बसले, की बघा, एवढा राग!

संध्याकाळी फोन आला तो कार्यालयातल्या माणसाचा. वऱ्हाड निघून गेलं होतं. लायटिंगच्या वायरी गुंडाळता गुंडाळता हे खाली बसले ते उठलेच नाहीत.

दिरांनी त्यांचं सामान आणून दिलं. बॅग, कॅमेरा, फोन. फोनवर माझे चुकलेले कॉल एकाखाली एक होते. माझा नंबर त्यांनी 'घर' म्हणून ठेवला होता. घर, घर, घर, घर, अशी ती ओळ खाली खाली जात होती. मी फोन पालथा ठेवला.

दहाव्याला घोडनदीच्या घाटावर सगळे जमले. पिंड ठेवला. समोरच्या झाडावर कावळे होते, चांगले चार-पाच होते, पण एक खाली येईना. दीर हात जोडून म्हणाले, "दादा, वहिनीची काळजी करू नको." कावळा जागचा हलला नाही. ह्यांचा एक धंद्यातला मित्र पुढं आला, "मित्रा, तुझी राह्यलेली लग्नं मी करतो." कावळ्यानं मान वळवली. कुणी म्हणालं कॅमेरा विकणार नाही, कुणी म्हणालं स्टुडिओ चालू ठेवू. एकेकजण येत होता, काहीबाही कबूल करत होता, आणि ऊन वाढत होतं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि माणसं जेवायला उठली. बायकांत कुजबुज झालीच. मनात काहीतरी राहिलं म्हणायचं. चुलत सासूबाईंनी मला बाजूला घेतलं.

"शेवटचं बोलनं काय झालं व्हतं गं तुमचं?"

"रोजचंच," मी म्हणाले.

त्यानंतर घरात जो सन्नाटा शिरला तो शिरलाच. दीर आपल्या गावी गेले. सकाळी पुढच्या रस्त्यानं रांजणगावच्या कंपन्यांच्या बसा जायच्या, त्या गेल्या की दिवसभर शटरवर कुणी थाप मारत नव्हतं. स्वयंपाक करावा तर कुणासाठी? एक भाकरी थापायची आणि तीही उरायची. मी मशीनवर जुनी साडी टाकून ठेवली होती. कुणी विचारलं तर सांगायचे, बिघडलंय. खरं म्हणजे मला त्या कॅमेऱ्यातल्या कार्डाची भीती वाटायची. त्या कार्डात तो दिवस होता. अख्खं लग्न, आणि लग्नामागं ह्यांचा आवाज. मी फोन करत होते तेव्हा कॅमेरा चालूच असणार. कुणीतरी म्हणालंच असेल, अहो फोन वाजतोय. आणि हे काय म्हणाले असतील? "वाजू दे, कटकट हाय नुसती," असं म्हणाले असतील तर? त्यांना माझा फोन कळलाच नाही, का कळून रागानं उचलला नाही, हे एवढं त्या कार्डात होतं. ऐकलं नाही तोपर्यंत दोन्ही खरं होतं. मी ऐकत नव्हते.

मग त्या लग्नातल्या नवरीच्या वडिलांचा फोन आला. फुलशेती करणारा मोठा समंजस माणूस. आधी कधी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

"ताई, घाई न्हाई. पन पोरगी लई मागं लागलीय. तुम्हाला जमत नसंल तर नुसतं कार्ड द्या. पुण्यात एकजन हाय, त्यो करतो म्हणतो."

तो पुण्याचा काय करणार हे मला नाही तर कुणाला माहीत? पहिलं काम, आवाज बंद. मग गाणी. मग पेनड्राइव्ह, आणि मग सगळं पुसून पुढचं लग्न.

"कार्ड मिळणार नाही," मी म्हणाले. जरा जास्तच जोरात म्हणाले असणार. "मीच करणार. आठवड्यात देते."

साडी काढली, धूळ पुसली, मशीन चालू केलं. क्लिपा टाकायला लागले आणि पंखा गिरणीसारखा वाजायला लागला. तीच तऱ्हा. दुपारची वेळ होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी एकेक क्लिप लावत गेले आणि स्पीकरमधून हे बोलायला लागले. "आजोबा, टोपी सरळ करा. हां, आता कसं!" किती महिन्यांनी घरात कुणीतरी मोठ्यानं बोललं होतं. मी जागेवरून उठून दार लावून घेतलं, का ते मला माहीत नाही.

हळदीच्या, वऱ्हाड उतरल्याच्या, वरमाईच्या मिरवण्याच्या क्लिपा झाल्या आणि रुखवत आलं. रुखवताचा शॉट हे नेहमी एका दमात घ्यायचे. टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश, हात न हलवता. इथंही तसंच. शेवयांचं कुंपण घातलेलं चिमुकलं घर, सुपाऱ्यांची माणसं, कापसाची मेंढरं, उसाच्या कांड्यांनी भरलेली बैलगाडी. टेबलाशी कुणी मावशी राखणीला बसली होती, तिचा नुसता पदर दिसत होता. आणि मागं गुर्र, गुर्र, गुर्र. फोन खिशात थरथरत होता. मी होते ती.

मावशी म्हणाली, "अवो फोटोवाले, तुमचा खिसा कवाधरनं गुरगुरतोय. घ्या की फोन."

"वाजू द्या," हे म्हणाले.

आणि मशीन हँग झालं.

चित्र थिजलं. आवाज थिजला. मग पडदा सावकाश पांढरा पडला. अगंबाई, असा राग आला! माझा हात माऊसवर गेलाच होता. वाजू द्या. जे नको होतं नेमकं तेच ऐकू यावं आणि पुढं काही नाही? म्हणजे कळलं होतं. कळूनसुद्धा उचलला नाही. पडद्यावर चौकट आली, बंद करू का थांबता? मला वाटलं बंद करावं, शटर ओढावं, कार्ड त्या पुण्याच्या माणसाला देऊन टाकावं, काय ऐकायचं राहिलंय आता?

मशीनवरचा बारका दिवा लुकलुकत होता. पंखा जीव खाऊन फिरत होता. काम चालू होतं. मी दोन्ही हात पदरात गुंडाळले आणि त्यावर बसल्यासारखी बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा. भिंतीवरची पाल इकडून तिकडं गेली. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मला घाटावरचं झाड आठवत होतं आणि त्यावरचे ते कावळे.

मग रंग परत आले. शेवयांचं घर हललं.

"...मावशी. घरनंच हाय."

"मग तर घ्या! काय अडचन आसंल."

"अडचन न्हाई हो. सकाळी रागावली व्हती माझ्यावर. आता राग उतरला आसंल, म्हणून लावतीय." आणि हसले. कॅमेरा मात्र केसभर हलला नाही. "तिचं खरं हाय. मशीन लई तरास देतंय तिला. ही लगीनसराई सरली की नवंच घेतो. एवढं रुखवत झालं की लावतो फोन."

मी रडले. मोठ्यानं रडले, ऐकायला कोण होतं? इतके महिने त्या कावळ्यानं माझ्यावर जे ओझं ठेवलं होतं ते एका दमात उतरलं, आणि उतरल्यावर कळलं की घर आणखीच रिकामं झालंय. राग होता तोवर निदान राग तरी घरात होता.

पुढं मग मी शोधत बसले की रुखवत झाल्यावर फोन का लावला नाही. क्लिपा बघितल्या आणि कळलं. एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी. पुढारी आले, त्यांचे फेटे, त्यांचे सत्कार, माईकवर नावांची माळ. तेवढ्यात अंतरपाट, मंगलाष्टका, कानपिळी, जेवणाच्या पंगती, पाठवणी. जो येईल तो म्हणतोय, फोटोवाले इकडं या, फोटोवाले आमचा राहिला. मध्ये पाणी प्यायलासुद्धा जागा नव्हती. टकळी हळूहळू कमी होत गेली. पाठवणीच्या क्लिपेत तर नुसता श्वास ऐकू येत होता, माईकला लागणारा, जड. त्या गर्दीत कुणाला ऐकू आला नव्हता. मलासुद्धा आला नसता, कारण मी तो म्यूट केला असता.

लग्न मी मिक्स केलं. चांगलंच केलं, ह्यांचं शेवटचं शूट होतं. कार्ड आता कपाटात आहे, ते पुसणार नाही. पण गिऱ्हाइकाचं लग्न गिऱ्हाइकाचंच असतं. नवरीच्या वडिलांनी मुद्दाम सांगितलं होतं की आत्यांनी रुखवतावर लई मेहनत घेतलीय, तिथं चांगलं गाणं लावा. ती क्लिप मी सगळ्यात शेवटी करायची म्हणून ठेवली होती. गाणं बसवलं. खाली ह्यांचा आवाज होता, तो चालू ठेवून एकदा ऐकला. मग क्लिप परत सोडली आणि जे इतकी वर्षं करत आले ते केलं. म्यूट दाबलं.

अख्खं लग्न त्या जुन्या मशीनच्या डोक्यावर होतं, रंग, गाणी, अक्षरं, सगळं. पडदा थिजला. चित्र त्या चिमुकल्या घरावर थांबलं. माझं बटण पोचलं होतं, रांगेत होतं. आवाज सोडणारा मात्र वेगळा, तो चालूच राहिला.

"...लई तरास देतंय तिला. ही लगीनसराई सरली की नवंच घेतो. एवढं रुखवत झालं की लावतो फोन."

पडद्यावर चौकट आली, बंद करू का थांबता?

मी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"थांबते," मी म्हणाले.